घरच्या घरी चित्रपटगृह

उज्जैनच्या फ्रीगंज भागात टावर चौक आहे. सायंकाळ झाली की तेथील घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास खाण्याच्या गाड्यांपाशी गर्दी लोटते. त्याच चौकानजीकच्या एका मराठी घरात मात्र शनिवारी रात्री दिवे लवकर मालवतात. आम्ही एकदा त्या घरचे पाहुणे होतो. तेथे जे पाहिले ते वाचकांस सांगावेसे वाटते.

शिंद्यांनी आपली राजधानी 1810 साली उज्जैनहून ग्वाल्हेरास नेली, तरी बरीच मराठी घराणी माळव्यातच राहिली. ह्या घरची नातवंडे शाळेत हिंदी व इंग्रजी बोलतात. मराठी त्यांच्या कानी पडते ती आजीच्या मुखातून. आपल्यामागे ही भाषा घरातून उठेल, ही त्या माउलीची धास्ती. रागावून पाहिले, काही उपयोग झाला नाही. जो तो आपापला मोबाईल घेऊन आपल्या कोपऱ्यात. शेवटी सुनेने युक्ती योजिली : शनिवारी घरातच मराठी चित्रपट, आणि व्यवस्था सारी मुलांकडे.

थोरलीने वहीच्या पुठ्ठ्याची तिकिटे कापली. मधल्याने भिंतीवर पांढरी चादर ताणून बसविली. धाकटा द्वारपाल झाला. त्याने सर्वांचे मोबाईल टोपलीत जमा करून घेतले, वडिलांचाही सोडला नाही! आजीने शेंगदाणे भाजले होते. चित्रपट आईवडिलांनी आधी पाहून ठेवलेला असतो. ही दक्षता आम्हांस फार मोलाची वाटते, कारण लेकरांसमोर घाईघाईने पडदा झाकण्याची वेळ येणे बरे नव्हे.

पहिल्या शनिवारी त्यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) निवडला. दादासाहेब फाळक्यांची ही कथा हसतखेळत सांगितलेली आहे, आणि लांबीही दोन तासांच्या आतली. फाळक्यांना चित्रपटाचा ध्यास लागला तो मुंबईत प्रभु येशूच्या जीवनावरील मूकपट पाहून, हे आमच्या वाचकांपैकी कितीकांस ठाऊक असेल? तो मूकपट त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही दाखविला. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण होऊन 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला, तोही घरच्यांच्याच बळावर. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला, कोऱ्या फिल्मला अंधारात हातांनी भोके पाडली. थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. हे ऐकल्यावर आमच्या द्वारपालाने आपली टोपली अधिकच घट्ट धरली.

आम्ही गेलो त्या रात्री ‘श्यामची आई’ होता. आचार्य अत्र्यांच्या ह्या 1953 च्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्यात आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंचा जन्म उज्जैनचा. हे आजीने सांगताच मुले सावरून बसली. चित्रपट अडीच तासांचा, शेवट करुण; म्हणून सुनेने तो दोन रात्रींत वाटला होता, आणि पहिली रात्र हलक्या प्रसंगापाशी थांबविली. लहानांस रडत झोपी घालू नये, असे तिचे म्हणणे. आम्हांस ते पटले.

श्याम पोहण्यास भिऊन लपतो त्या प्रसंगी मधल्याने विचारले, “आजी, कुएँ को मराठीत काय म्हणतात?”

“विहीर. अन् तुझे आजोबासुद्धा असेच माळ्यावर लपायचे हो!”

झाले! चित्रपट थांबला, आजोबांची विहीर सुरू झाली. अर्धा तास तरी आजी बोलत होती, आणि मुले मराठीतून, चुकतमाकत का होईना, प्रश्न विचारीत होती. पडद्यावरचा श्याम तोवर तसाच लपून राहिला.

निघताना द्वारपालाने पुढील शनिवारचे तिकीट आमच्या हाती ठेविले. त्यावर ‘खुर्ची 3’ असे लिहिले होते, आणि खाली बजावले होते : मोबाईल टोपलीत.