बोलिंगचा पहिला चेंडू : आधी माप, मग मोल

'बोलिंग' हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहते ते क्रिकेटचे मैदान. शहरांतील मॉलमुळे मात्र या शब्दाला आता आणखी एक अर्थ चिकटला आहे. चकचकीत लेन, तिच्या टोकाला त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना आणि त्यांच्या दिशेने घरंगळत जाणारा जड चेंडू, अर्थात टेनपिन बोलिंग. मुंबईत लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात हा खेळ आला तेव्हा त्याच्याकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहिले गेले. आजही बहुतेकांची हौस वाढदिवसापुरती किंवा कार्यालयातील सहकाऱ्यांसोबतच्या एखाद्या संध्याकाळपुरतीच असते. काहींना मात्र त्याची गोडी लागते, महिन्यातून चार वेळा पावले तिकडे वळू लागतात आणि मग एक दिवस प्रश्न पडतो, आता स्वतःचा चेंडू घ्यावा काय?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर शोधताना नवशिक्याची नजर हमखास चुकीच्या जागी जाते. संकेतस्थळांवरील झळाळते रंग, नामांकित खेळाडूंनी वापरलेली मॉडेल्स, 'जोरदार वळण' देण्याची आश्वासने यांची भुरळ पडते. वस्तुतः पहिल्या चेंडूच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट एकच, ती म्हणजे तो आपल्या हाताच्या मापाचा असणे. आणि त्याही आधी घ्यावयाची वस्तू म्हणजे चेंडू नव्हे, तर बूट.

भाड्याच्या चेंडूतील गोम

बोलिंग केंद्रात मांडणीवर ठेवलेला चेंडू कोणा एकाच्या हातासाठी घडवलेला नसतो. तो असंख्य हातांत जाणार म्हणून त्याचे अंगठ्याचे छिद्र बहुधा सैल ठेवलेले असते. शिवाय हलक्या चेंडूची छिद्रे लहान आणि जवळजवळ, तर जड चेंडूची मोठी आणि दूरदूर, असा सर्वसाधारण संकेत आहे. हलका चेंडू मुले घेतील आणि जड चेंडू मोठी माणसे, हे त्यामागचे गृहीत. त्यामुळे सडपातळ बोटांच्या प्रौढ व्यक्तीची पंचाईत होते. वजन जुळले तर छिद्र सैल, छिद्र जुळले तर चेंडू फारच हलका.

सैल छिद्राचा परिणाम लगेच जाणवत नाही. चेंडू हातातून निसटू नये म्हणून खेळाडू नकळत तो आवळून धरतो. एका डावात साधारण १५ ते २० वेळा चेंडू टाकावा लागतो. तीन डाव खेळले तर सुमारे ५० फेका झाल्या. चेंडू साडेपाच किलोचा असेल, तर त्या एका संध्याकाळी हाताने पावणेतीनशे किलो वजन झुलवलेले असते, तेही मूठ आवळून. मनगट, अंगठ्याचे मूळ आणि कोपराखालचे स्नायू दुखू लागतात ते यामुळे. आवळलेला अंगठा दरवेळी वेगळ्या क्षणी सुटतो, म्हणून चेंडूची दिशाही दरवेळी बदलते. 'आज हात बसत नाही', अशी तक्रार करणाऱ्या कित्येकांचा दोष हातात नसून छिद्रात असतो.

आधी बूट

भाड्याच्या बुटांचे दोन्ही तळवे सहसा घसरणारे असतात. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू शेवटच्या पावलाला डाव्या पायावर घसरत जातो आणि फाउल लाइनच्या अलीकडे थांबतो. त्याच्या उजव्या पायाचे काम घसरण्याचे नव्हे, तर जमिनीला रेटा देण्याचे असते. म्हणूनच सरावलेल्या खेळाडूंच्या बुटांच्या जोडीत डाव्या पायाचा तळवा गुळगुळीत आणि उजव्या पायाचा रबरी असतो. डावखुऱ्यांसाठी हीच रचना उलटी. अशी जोडी मागवताना आपण कोणत्या हाताने खेळतो हे नमूद केले नाही, तर घसरणारा बूट चुकीच्या पायात यायचा.

प्राथमिक श्रेणीच्या बुटांचे दोन्ही तळवे घसरणारेच असतात. ते दोन्ही हातांच्या खेळाडूंना चालतात आणि सुरुवातीला तेवढे पुरेसे असते. त्यावरच्या श्रेणीत तळव्याचे आणि टाचेचे तुकडे बदलता येतात. ज्याची घसरण अजून स्थिर झालेली नाही, त्याने त्या खर्चात पडण्याची गरज नाही. माप मात्र नेहमीच्या बुटांप्रमाणे नेमके हवे. सैल बुटात पाऊल आतल्या आत सरकते आणि तोल जातो.

बूट आधी का, याचे कारण साधे आहे. भाड्याची जोडी दरवेळी वेगळी असते. कधी ती फार घसरते, कधी अडखळते. पायाखालची घसरण एकसारखी झाल्याशिवाय हाताची लय एकसारखी होत नाही. शिवाय प्राथमिक बुटांना जाणकाराकडून छिद्रे पाडून घ्यावी लागत नाहीत आणि चेंडूच्या तुलनेत खर्चही सहसा कमीच होतो.

वजन किती असावे?

नियमानुसार चेंडूचे वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे सुमारे ७.२६ किलो असू शकते. शरीराच्या वजनाच्या एक दशांश, हा जुना ठोकताळा सांगितला जातो. पण ७० किलो वजनाच्या नवशिक्याला त्या हिशेबाने सुमारे १५ पौंडांचा चेंडू घ्यावा लागेल आणि तो बहुधा जड पडेल. अनेक प्रौढ नवशिके १० ते १४ पौंडांच्या दरम्यान स्थिरावतात. खरी कसोटी ठोकताळ्याची नसून खांद्याची आहे. हात घड्याळाच्या लंबकासारखा सहज झुलला पाहिजे. चेंडू मागे नेताना खांदा झुकत असेल, मनगट मोडत असेल किंवा तिसऱ्या डावात वेग घटत असेल, तर चेंडू जड आहे. हाताच्या जोराने तो उडवलाच जात असेल, तर हलका आहे.

फार हलका चेंडू घेण्यातही तोटा आहे. प्रत्येक पिनेचे वजन दीड किलोहून थोडे अधिक असते आणि हलका चेंडू पहिल्याच धडकेत बाजूला ढकलला जातो. उजव्या हाताच्या खेळाडूच्या आदर्श स्ट्राइकमध्ये चेंडू स्वतः केवळ चार पिनांना स्पर्श करतो : पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात. म्हणजे सारा खेळ ताकदीचा नसून चेंडूने आपली वाट न सोडण्याचा आहे. मापाचा चेंडू आवळावा लागत नसल्याने भाड्याच्या चेंडूपेक्षा एखाद-दोन पौंड अधिक वजन बहुतेकांना झेपते.

छिद्रांचे गणित

नवा चेंडू बहुधा छिद्रांविनाच मिळतो. जाणकार अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत आणि अनामिकेपर्यंत अशी दोन्ही अंतरे मोजतो, बोटांची जाडी आणि लवचिकता पाहतो आणि त्यानुसार छिद्रांचा कोन ठरवतो. बोटे दुसऱ्या पेरापर्यंत आत जाणारी पारंपरिक पकड नवशिक्याला आधार देते. पहिल्या पेरापर्यंतची पकड चेंडूला अधिक फिरकी देते, पण ती पेलण्यासाठी हात तयार व्हावा लागतो.

अंगठा छिद्राच्या भिंतींना सर्व बाजूंनी हलका स्पर्श करील आणि तरीही सहज बाहेर येईल, एवढेच माप हवे. आवळावे लागले तर सैल, बाहेर येताना 'टप्' असा आवाज झाला तर घट्ट. खेळताना अंगठा थोडा सुजतो, म्हणून माप देण्यापूर्वी थोडा वेळ खेळून घेणे शहाणपणाचे ठरते. बारीकसारीक फरक छिद्रात खास चिकटपट्टी लावून साधता येतो. दुसऱ्याचा वापरलेला चेंडू स्वस्त मिळाला, तरी त्याची छिद्रे बुजवून नवी पाडण्याचा खर्च हिशेबात धरावा. आणि छिद्रे पाडणारा जाणकार आपल्या शहरात आहे काय, याची चौकशी चेंडू मागवण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

सरळ की वळणारा?

चेंडूचे वागणे मुख्यतः त्याच्या बाह्य कवचावर अवलंबून असते. फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंतची लेन ६० फूट लांब असते. सर्वसाधारण केंद्रांत तिच्या सुरुवातीच्या साधारण ४० फुटांवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो आणि पुढचा भाग कोरडा असतो. प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिएस्टरचा चेंडू सर्वांत कमी घर्षण करतो, म्हणून तो कोरड्या भागातही बव्हंशी सरळ जातो. १९९०च्या दशकाच्या आरंभी आलेल्या रिअॅक्टिव्ह रेझिनचे कवच तेलावर घसरते आणि कोरड्या भागात जोराने वळते. हे वळण पिनांवर अधिक तिरप्या कोनातून नेते, त्यामुळे स्ट्राइकची शक्यता वाढते.

मग वळणाराच का घेऊ नये? कारण ज्याची फेक अद्याप एकसारखी नाही, त्याची प्रत्येक चूक असा चेंडू मोठी करून दाखवतो. शिवाय हे कवच तेल शोषते, ते सतत पुसावे लागते आणि कालांतराने त्याची धार कमी होते. प्लास्टिकचा चेंडू तुलनेने स्वस्त, टिकाऊ आणि प्रामाणिक असतो. चूक झाली तर ती जेवढी झाली तेवढीच दिसते. पुढे वळणारा चेंडू घेतला, तरी हा पहिला चेंडू वाया जात नाही. उरलेली एखादी पिन अचूक टिपण्यासाठी निष्णात खेळाडूही प्लास्टिकचाच चेंडू हाताशी ठेवतात.

पाऊस आणि ऊन

मुंबई-पुण्याच्या हवेत दोन पथ्ये विशेष पाळावी लागतात. घसरणाऱ्या तळव्याचा शत्रू म्हणजे ओलावा. पावसाळ्यात हे बूट घालून स्वच्छतागृहात किंवा सांडलेल्या शीतपेयावर पाऊल पडले, की पुढच्याच फेकीला तळवा अचानक चिकटतो आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून हे बूट बाहेर घालू नयेत, आतही लेनपासून दूर जाताना त्यांवर आवरण चढवावे. चेंडूचा शत्रू म्हणजे उष्णता. एप्रिल-मे महिन्यात मोटारीच्या डिकीत विसरलेल्या चेंडूला तडा जाऊ शकतो.

१९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये प्रात्यक्षिक खेळ म्हणून आणि १९९८च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत पदकांचा खेळ म्हणून बोलिंगचा समावेश झाला होता. मॉलमधल्या करमणुकीपलीकडे त्याला शास्त्र आहे, हे यावरून ध्यानात यावे. त्या शास्त्राची पहिली पायरी महागड्या चेंडूने चढता येत नाही. पाय एकसारखा घसरावा आणि अंगठा एकसारखा सुटावा, एवढी सोय झाली की पहिल्या खरेदीचे काम संपले. पुढचे काम सरावाचे.