शब्दांची नातीगोती : देवभोळा

गेल्या आठवड्यात 'पापभीरू' पाहिला. 'देवभोळा' हा त्याच्याच शेजारचा, पण स्वभावाने वेगळा. पापभीरू माणूस भीतीपोटी हात आखडता घेतो, देवभोळा विश्वासापोटी सैल सोडतो.

देवाविषयी भोळा तो देवभोळा. म्हणजे भोळेपणाला हद्द आहे आणि ती शब्दातच सांगितली आहे. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारी बाई दारात आलेला कुणी 'घरावर सावट आहे' म्हणाला की निमूट पैसे काढून देते. तिला भोळसट म्हणणे चूक. भोळसटाला कुणीही, कशानेही गंडवावे; देवभोळ्याला गंडवायला देवाचेच नाव घ्यावे लागते.

'भाविक' याहून सभ्य आणि सरकारी. पंढरपूरच्या वारीच्या बातमीत लाखो भाविक असतात, देवभोळे कधीच नसतात. एसटी जादा गाड्या सोडते त्याही भाविकांसाठी. कारण 'भाविक' म्हणताना आपण मोजतो, 'देवभोळा' म्हणताना जोखतो. हा शब्द माणूस स्वतःसाठी सहसा वापरत नाही. तो दुसऱ्याने, बहुधा चार बुके जास्त शिकलेल्याने, लावायचा असतो. 'आमची आजी देवभोळी होती' यात माया असते, पण 'आम्ही तसे नाही' हेही हळूच सांगून झालेले असते. आणखी एक खोड : तेच उपास, तेच नवस करणारा पुरुष 'धार्मिक' ठरतो आणि त्याची बायको 'देवभोळी'. हा पक्षपात शब्दाचा नाही, आपला.

पुढे येणाऱ्या नामाप्रमाणे शब्दाचा सूरही पालटतो. देवभोळी माणसे म्हटले की कणव, देवभोळा डॉक्टर म्हटले की टोमणा.

या माणसांशी कसे बोलावे हे गाडगेबाबांना (१८७६–१९५६) नेमके ठाऊक होते. कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्यांकडूनच काढून घेत. नवसाच्या बोकडावर, कर्ज काढून केलेल्या सणावर कोरडे ओढत, आणि तोंडी गजर मात्र 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला'. हसू उठे ते रूढीवर, भक्तावर नव्हे. अंधश्रद्धाळू म्हटले की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात जातो. देवभोळा म्हटले की पिंजऱ्यात फसवणारा उभा राहतो. बातमी लिहिणाऱ्यांनी एवढा फरक पाळायला हरकत नाही.

व्याकरण सोपे आहे. देवभोळा, देवभोळी, देवभोळे, सामान्यरूप देवभोळ्या, भाववाचक नाम देवभोळेपणा. लिहायचा मात्र जोडूनच. 'देव भोळा' असा तोडला की भोळेपणा भक्ताकडून देवाकडे जातो. तसा एक देव आहेही. भस्मासुराला वर देऊन त्याच्याच पुढे पळत सुटलेला शंकर. साध्या माणसाला आपण 'भोळा सांब' म्हणतो तो त्याच्यावरूनच.

पुढच्या आठवड्यात : भोंदू.