दगडावर आकडा, थाळीवर नाव

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. सातारा, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक संगमरवरी पाटी सापडते. मजकूर थोडक्यात असा : या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर गावाचं नाव आणि दोन आकडे असतात. माणसांची नावं नसतात.

त्याच गावातल्या एखाद्या घरात, देवघराच्या फळीवर किंवा धान्याच्या कणगीमागं, जेमतेम बारा सेंटिमीटर व्यासाची ब्रॉंझची एक थाळी सापडते. तिच्यावर त्रिशूळधारी ब्रिटानिया, पायाशी सिंह आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत एक नाव. महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला सरकारनं ही थाळी पाठवली होती. मरणात सगळे समान, या विचारानं तिच्यावर हुद्दा घातला नाही, पलटण नाही, नंबरही नाही. म्हणजे दगडावर आकडा आहे पण नाव नाही, आणि थाळीवर नाव आहे पण तो कुठल्या पलटणीतला, कुठं मेला, याचा पत्ता नाही. फौजी घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याचं काम या दोन वस्तूंच्या मधल्या जागेत सुरू होतं.

बसऱ्याचा दगड

मराठा पलटणींचं पहिलं महायुद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झालं. जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५मध्ये ही डिव्हिजन कुत-अल-अमारात वेढली गेली. घोडे कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी तुर्कांपुढं शरणागती पत्करली. वाळवंटातून चालवत नेलेल्या कैद्यांपैकी पुष्कळ जण वाटेतच गेले. त्यांना थडगं नाही, आणि त्यांच्या मरणाची नेमकी तारीख सांगायला शेजारी कुणी उरलेलं नव्हतं.

ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांच्यासाठी बसऱ्याला १९२९मध्ये स्मारक उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांचं ते स्मारक. पण त्या भिंतीवर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं गेलं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं गेलं, आणि हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या आली. गावच्या पाटीवर घडलं तेच बसऱ्यात घडलं. फ्रान्समधल्या नव-शापेलच्या स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं कोरलेली आहेत. म्हणजे नावं कोरणं अशक्य नव्हतं. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशननं २०२१मध्ये आपल्याच कारभाराचा अहवाल प्रसिद्ध केला आणि हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन मृतांना असमान वागणूक दिल्याची कबुली देऊन माफी मागितली.

दगडावर नावं नव्हती, पण वहीत होती. याच कमिशनची नावांची यादी आज इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. तीत शिपायाचा नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारक मिळतं. नशीब असेल तर बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही. एखाद्या नोंदीत बायकोचं नाव असतं. आपल्याकडच्या कित्येक घरांत पणजीचं नाव कुणालाही सांगता येत नाही. ते असं परक्या देशाच्या यादीत भेटतं.

नावानं शोधू नका, पलटणीनं शोधा

या यादीत नुसतं ‘जाधव’ टाकलं तर हाती फारसं लागत नाही. भरतीच्या वेळी कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं. त्यामुळं एकच सावंत तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो आणि राम, रामा, रामजी, रामचंद्र ही एकाच माणसाची नावं असू शकतात. शिवाय एका पलटणीत एकाच नावाचे चार-चार शिपाई असत, म्हणून तर नंबर होता. तेव्हा पलटण आणि स्मारक धरून यादी काढावी आणि मग गाव शोधावं.

गाव शोधताना नकाशा जुना ठेवावा लागतो. आजचा सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीतच होता. रायगडचं नाव तेव्हा कुलाबा होतं. सांगलीकडचे काही तालुके साताऱ्यात होते. सावंतवाडी, भोर, कोल्हापूर ही संस्थानं होती, त्यामुळं तिथला माणूस जिल्ह्याच्या रकान्यात संस्थानाच्या नावानं सापडतो. खेड रत्नागिरीतही आहे आणि पुण्यातही.

पलटणींचे आकडेही बदलले. १९२२च्या पुनर्रचनेत १०३वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी आणि ११७वी पाचवी. पहिलीला फौजी लोक ‘जंगी पलटण’ म्हणतात, दुसरीला ‘काळी पाचवी’. आजी ‘तुझा पणजा काळी पाचवीत होता’ म्हणाली असेल, तर तिनं पलटणीचा पत्ता बरोबर सांगितला आहे. आपण तो शाळेतली इयत्ता समजून सोडून दिलेला असतो.

नंबर कुठं मिळेल? पदकाच्या कडेवर. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असे. त्यातलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, आणि नेमकं हेच त्याच्या मुळावर आलं. लग्नकार्यात, दुष्काळात ते सोनाराच्या मुशीत गेलं आणि पैंजण होऊन परत आलं. बिगारी, भिस्ती, खेचरवाले अशा लढाऊ नसलेल्या माणसांना तेच पदक ब्रॉंझचं मिळे. ते वितळवण्यात फायदा नव्हता म्हणून पुष्कळ वेळा तेच शिल्लक राहिलं आहे.

पेन्शनचा कागद

लढाईत मेलेला माणूस यादीत सापडतो. जिवंत परतलेला सापडतो तो पेन्शनच्या कागदात.

सैनिकाच्या कुटुंबाला पोसण्याची जबाबदारी राज्याची, ही गोष्ट इंग्रजांनी आणली नाही. पेशवे दप्तरात ‘बालपरवेशी’ असा शब्द भेटतो. कामी आलेल्या माणसाच्या पोरांच्या संगोपनासाठी दिलेली नेमणूक ती. या मोडी कागदांत मृत्यूची नोंद दोन-तीन शब्दांत असते, ‘कामास आले’. त्यापुढं मुलांची नावं आणि रक्कम. मृत्युलेख आणि पेन्शनचा हुकूम एकाच ओळीत. ज्याच्या घराण्यात अशी नेमणूक होती, त्यानं पुण्याच्या पुराभिलेखागाराची पायरी चढायला हरकत नाही. मोडी वाचणारा मात्र सोबत हवा.

इंग्रजी फौजेतल्या पेन्शनच्या कागदात माणसाची चेहरेपट्टी असे : उंची, वर्ण, अंगावरचा तीळ, जखमेची खूण. कारण साधं होतं. तालुक्याच्या तिजोरीतून पैसे नेणारा माणूस तोच आहे की मेलेल्या भावाच्या नावावर दुसराच कुणी येतो, हे ओळखायचं होतं. सरकारनं संशयापोटी लिहून ठेवलं, आणि ज्या पणजोबाचा फोटो कधी निघालाच नाही त्याच्या भुवईवरचा व्रण आपल्याला शंभर वर्षांनी कळतो.

पहिल्या महायुद्धानंतर काहींना ‘जंगी इनाम’ मिळालं. ते दोन हयातींपुरतं असे : एक सैनिकाची, दुसरी वारसाची. त्यामुळं दुसऱ्या पिढीचं नाव कागदावर येणं भाग होतं. नावापुढं ‘बहादूर’ किंवा ‘सरदार बहादूर’ असेल तर ती घरच्यांची कौतुकाची भर नसून ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया या किताबाची खूण असू शकते. अशा नेमणुका सरकारी गॅझेटात छापल्या जात, म्हणून तिथं तारीख मिळते.

स्वातंत्र्यानंतरच्या कागदांत तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, पेन्शनचा हुकूम, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात. तो अलाहाबादहून, आजच्या प्रयागराजहून निघे. दुसरी, शीट रोल, म्हणजे नोकरीचा सगळा पट. तिसरी आणि आपल्या कामाची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ‘पार्ट टू ऑर्डर’. सैनिकाचं लग्न झालं, मूल झालं, मूल गेलं, की युनिटमधून पार्ट टू ऑर्डर निघते. ती निघालेली नसेल तर पुढं विधवेची पेन्शन अडते. मराठ्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. वारसानं नंबर, नाव आणि नात्याचा पुरावा घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज करणं हा सरळ मार्ग.

जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. भरतीला आलेल्या पोरानं वय सांगितलं, साहेबानं छाती मोजली आणि कारकुनानं मागं मोजून साल लिहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांना घरी पाठवलं आणि ज्यांची नोकरी पेन्शनला पुरली नाही, त्यांचा तर पेन्शनचा कागदच निघाला नाही. त्यांच्यासाठी डिस्चार्ज बुक आणि पदक एवढंच.

दापोलीचे पेन्शनर

पेन्शनच्या पैशानं काय घडतं याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण दापोलीच्या कॅम्पात आहे. तिथं फौजेतून निवृत्त झालेल्यांची वस्ती होती. हवालदार गोपाळबाबा वलंगकर तिथलेच. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवेचे सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन दापोलीला आले आणि मग साताऱ्याला गेले. त्यांचे वडील मालोजीही फौजेतलेच आणि पत्नी भीमाबाई फौजी घराण्यातल्या. रामजींचा मुलगा भीमराव, म्हणजे बाबासाहेब आंबेडकर, १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मला. पुढं बाबासाहेबांनी स्वतः लिहिलं की कंपनी सरकार आल्यापासून आपल्या पूर्वजांनी वंशपरंपरागत काम सोडून फौजेची नोकरी धरली होती.

वलंगकर आणि सकपाळ ज्या समाजातले, त्या महारांची फौजेतली भरती १८९२मध्ये थांबली. १८९४मध्ये वलंगकरांनी त्याविरुद्ध सरकारकडं अर्ज केला. त्याचा आधार होता तो पूर्वजांनी पलटणीत केलेल्या नोकरीचाच. ज्यांना गावात इतिहास नाकारला होता, त्यांनी नोकरीच्या नोंदीलाच वंशावळ केलं. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं आहेत; त्यांतली २२ नावं ‘नाक’ या प्रत्ययानं संपतात. गाव नाही, आडनाव नाही, पण नावाच्या शेवटावरून समाज कळतो. बसऱ्याच्या शंभर वर्षं आधी एका दगडानं शिपायांना नावानं ओळखलं होतं.

त्यांच्या पश्चात

आता निधनवार्ता. लढाईतल्या मरणावर सरकार लिहितं ते फक्त फार मोठ्या पराक्रमाला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्यानं मशीनगनवर चालून गेले आणि पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्या लढतीचं वर्णन लंडन गॅझेटात छापून आलं. तो एक मृत्युलेखच आहे. पण त्यात लढाईचे क्षण आहेत, घर नाही. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहे.

इतरांची निधनवार्ता स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळींत येते. तिचे शब्द नीट वाचावेत. ‘वैकुंठवासी’, ‘कैलासवासी’, ‘पैगंबरवासी’, ‘ख्रिस्तवासी’ यांतून पंथ आणि धर्म कळतो. दशक्रियेच्या जाहिरातीत मूळ गाव, वाडी आणि शोकाकुलांची नावं असतात. मुंबईत गेलेल्या कोकणी कुटुंबाची भावकी जुळवायला याहून चांगला कागद नाही. मृत्यूची तारीख पडताळायला गावचं कोतवाल बुक आहे, गाव नमुना चौदा. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३पासून ही बुकं कपाटाबाहेर आली, त्यांचा उपयोग जातीच्या दाखल्यापुरता संपू नये. दक्षिण महाराष्ट्रात वंशावळी सांगणारा हेळवी येतो तेव्हा त्याच्या वहीतली पिढी आणि कोतवाल बुकातली तारीख शेजारी ठेवून पाहावी.

पण निधनवार्तेतलं एक ठरलेलं वाक्य मला नेहमी अडवतं : ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ पत्नीचं नाव नाही. मुलींचा आकडा आहे. गावच्या पाटीनं शिपायांचं केलं तेच वर्तमानपत्रानं त्यांच्या लेकींचं केलं. उलट पेन्शनच्या फायलीत विधवेचं नाव लिहावंच लागतं, नाहीतर पैसे कुणाला द्यायचे? तिचा अंगठा असतो, वय असतं, कधी माहेरचं नाव असतं. आपल्या आज्यांचा सर्वांत भरवशाचा लेखी इतिहास हिशेबनिसांनी लिहिला आहे, तोही पैसे चुकीच्या हातात जाऊ नयेत म्हणून.

दिवाळीच्या सुमारास, नोव्हेंबरात, फौजी पेन्शनर आणि विधवा बँकेच्या रांगेत हयातीचा दाखला द्यायला उभ्या राहतात. काही जण आता तो मोबाइलवरून देतात. घरात अशी आजी असेल तर यंदा तिच्याबरोबर जा. परत आल्यावर पीपीओचा फोटो काढा. पदकाची कड भिंगातून वाचून नंबर वहीत लिहा. त्याखाली आजीचं पूर्ण नाव, तिच्या माहेरचं गाव आणि तिच्या सगळ्या लेकींची नावं लिहा. आणि गावच्या चावडीत तो संगमरवर असेल, तर त्यावरच्या आकड्यातली जितकी नावं सापडतील तितकी एका कागदावर उतरवून ग्रामपंचायतीत द्या. पुढच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवायला सांगा.