घड्याळ आपलं, हुकूम त्यांचा

लेखमाला : विकत घेतलेल्या वस्तू – भाग ९

मागच्या भागात प्रिंटर आणि त्याच्या शाईचा हिशेब मांडला होता. या वेळी मनगटाकडे वळू. पावलं, झोप आणि नाडीचे ठोके मोजणारा फिटनेस बँड आपण एकदाच पैसे मोजून घेतो, पण विक्री झाल्यावरही त्याची दोरी कंपनीच्याच हातात राहते. या क्षेत्रात ज्या नावाचा एकेकाळी सगळ्यात जास्त दबदबा होता, त्या फिटबिटच्या जुन्या ग्राहकांना हे चांगलंच कळून चुकलंय.

जेम्स पार्क आणि एरिक फ्रीडमन यांनी २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत ही कंपनी काढली. दोन वर्षांनी पहिलं यंत्र बाजारात आलं. कपड्याला अडकवायची ती एक छोटीशी क्लिप होती आणि तिचं मुख्य काम पावलं मोजणं. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, २०१९ च्या नोव्हेंबरात गूगलने २.१ अब्ज डॉलरना ती घेण्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये व्यवहार पुरा झाला. आज वैतागलेला ग्राहक सगळं खापर गूगलवर फोडतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

कारण दुखणं जुनं आहे. ‘फोर्स’ हा बँड घालणाऱ्यांच्या मनगटावर पुरळ येऊ लागलं म्हणून २०१४ मध्ये तो परत मागवावा लागला. त्यानंतरचं ‘आयॉनिक’ घड्याळाचं प्रकरण तर थेट भाजण्यापर्यंत गेलं. २०१७ साली आलेल्या या घड्याळाची बॅटरी तापायची. मार्च २०२२ मध्ये ते परत मागवलं, तेव्हा अमेरिकेतून बॅटरी तापल्याच्या किमान ११५ तक्रारी आल्या होत्या. त्यांतल्या ७८ चक्क भाजल्याच्या होत्या. ग्राहकांना २९९ डॉलर परत देण्याचं ठरलं. पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. तिथल्या ग्राहकसुरक्षा आयोगाचं म्हणणं असं की, कंपनीने २०२० च्या सुरुवातीला एक अपडेट सोडून तापणं आटोक्यात आणायचा प्रयत्न केला, तरी लोक भाजतच राहिले आणि कायद्याने द्यायची खबर मात्र वेळेत दिली गेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्यापोटी १ कोटी २२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरायला कंपनी तयार झाली.

‘चार्ज ५’ची कथा वेगळी. तिच्यात कोणी भाजलं नाही, फक्त चार्जिंग गायब होऊ लागलं. सात दिवसांपर्यंत चालेल असं सांगून विकलेला हा बँड २०२३ च्या अखेरीस एका अपडेटनंतर काही तासांतच मान टाकतो, अशी ओरड अनेक देशांतून सुरू झाली. गूगलने तपास केला आणि दोष अपडेटचा नाही, असं सांगितलं.

खरं-खोटं कसं ठरवायचं? त्यासाठी बँडच्या पोटात काय चालतं, ते पाहावं लागेल. आतली बॅटरी नखाएवढी. एवढ्याशा बॅटरीवर आठवडा निघतो तो यंत्र बहुतेक वेळ झोपून असतं म्हणून. प्रोसेसर क्षणभर जागा होतो, हिरवा दिवा कातडीवर लुकलुकतो, परत आलेल्या प्रकाशातल्या चढउतारावरून ठोके मोजले जातात आणि प्रोसेसर पुन्हा झोपतो. कधी उठायचं आणि कधी झोपायचं, हे फर्मवेअर ठरवतं. त्यात काही बिघडलं आणि यंत्र जागंच राहू लागलं, तर आठवड्याची शिदोरी दिवसभरातही संपू शकते. पण म्हातारी झालेली बॅटरीही हेच करते. दोन्हींची लक्षणं सारखीच. फरक शोधायचा तर जुनं फर्मवेअर परत टाकून पाहायला हवं, किंवा नवी बॅटरी बसवून. पहिल्याची सोय कंपनी देत नाही. दुसऱ्यासाठी पाणी आत जाऊ नये म्हणून गोंदाने पक्की केलेली काच उचकटावी लागते, आणि ती उचकटली की पाण्याची खात्री संपली. म्हणजे दोष कोणाचा हे ठरवणारा पुरावा आरोपीच्याच कपाटात.

सपोर्टचं चॅट उघडावं तर पाढा ठरलेला. बंद करून चालू करा, अॅप काढून पुन्हा टाका, फॅक्टरी रीसेट करा. तोवर वर्षाची वॉरंटी उलटली असेल तर नव्या यंत्रावर थोडी सवलत, म्हणजे गोड शब्दांत वाटाण्याच्या अक्षता. चॅटवरच्या मुलाचा यात काही दोष नाही. पैसे एकदाच आले आणि सर्व्हरचा खर्च दर महिन्याला चालू, अशा धंद्यात जुनं गिऱ्हाईक हा तोट्याचा आकडा होऊन बसतो.

मग काटछाट सुरू होते. मित्रांशी पावलांची शर्यत लावायचे ‘चॅलेंज’ आणि खुले गट मार्च २०२३ मध्ये बंद झाले. खरं तर अनेकांनी फिटबिट घेतलं होतं ते त्यासाठीच. जुलै २०२४ मध्ये संगणकावर आकडे पाहायची सोय गेली. ‘व्हर्सा’ आणि ‘सेन्स’ घड्याळांच्या २०२२ च्या नव्या आवृत्त्यांत तर आधीच्या घड्याळांवर चालणारी इतर कंपन्यांची अॅप्सच नव्हती. नवं मॉडेल आणि कामं कमी! पुढे या दोन्ही मालिकाच आवरत्या घेतल्या गेल्या. यातली एकही गोष्ट खोक्यावर छापलेल्या वॉरंटीत बसत नाही. वॉरंटी असते यंत्राची, सोयींची नाही.

आपल्याकडे दीड-दोन हजारांच्या स्मार्टवॉचवर लोक हे सोडून देतात. ‘एवढ्याशासाठी कोण भांडत बसणार?’ पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी या दोन्हींवर दाद मागता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही वाट दाखवतात.

अट एकच, पुरावा हवा. बिल, अपडेट आल्याची तारीख, फर्मवेअरचा क्रमांक, बॅटरी उतरल्याचे वेळेसकट स्क्रीनशॉट आणि चॅटची प्रत हे सगळं जपून ठेवा. फोनवर बोलणं झालं असेल, तर त्याच दिवशी तेच ईमेलने लिहून पाठवा. आपले आकडे अॅपमधून अधूनमधून उतरवून घ्या. सोय बंद झाल्यावर ते मागत बसण्यात अर्थ नाही.

पुढच्या आठवड्यात वॉशिंग मशीनची ‘दहा वर्षांची वॉरंटी’. ती नेमकी कशाची आहे, हे तोवर आपापल्या कार्डावर वाचून ठेवा.