चार्जिंगला लावलेला फोन भूकंप कसा ओळखतो?

नोव्हेंबर 2018 पासून आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे छोटे छोटे धक्के बसू लागले आणि धुंदलवाडी हे नाव बातम्यांत आलं. आमचं वटार तिथून सरळ रेषेत साधारण 75 किलोमीटर. "तू सॉफ्टवेअरवाला ना, मग मोबाइलवर भूकंप आधी कळतो का रे?" हा प्रश्न गावात मला हमखास येतो. भूकंप होण्याआधी नाही कळत. पण झालेला भूकंप तुमच्यापर्यंत पोहोचायच्या आत कधी कधी कळू शकतो.

फोन आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो ना? ते काम अ‍ॅक्सेलरोमीटरचं. या चिपमध्ये सिलिकॉनचा अगदी सूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर अडकवलेला असतो. फोनला झटका बसला की तो किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि चिप तो फरक विजेच्या रूपात मोजते.

अडचण अशी की फोन दिवसभर हलतच असतो. विरार लोकलमध्ये खिशातला फोन जे सोसतो, ते बघून कुठलाही साधा प्रोग्रॅम रोज भूकंप जाहीर करेल! इथे मशीन लर्निंग येतं. बर्कलीच्या संशोधकांनी 2016 मध्ये आणलेल्या 'मायशेक' अ‍ॅपने न्यूरल नेटवर्कला माणसांच्या रोजच्या हालचाली आणि भूकंपाचे हादरे, दोन्हींच्या नोंदी दाखवून फरक शिकवला. हादऱ्याचा जोर किती, आलेख शून्याची रेघ किती वेळा ओलांडतो, अशा मोजक्या खुणांवर ते निर्णय घेतं. हे स्वतः बघायचं तर 'फायफॉक्स' अ‍ॅप घ्या आणि वाडीतला पंप चालू असताना फोन शेजारी ठेवा. पंपाची थरथर एकसारखी दिसते, टेबलावर थाप मारली तर एकच सुळका.

गुगलची अँड्रॉइड यंत्रणा भारतात सप्टेंबर 2023 मध्ये आली. एकट्या फोनवर ती विश्वास ठेवत नाही. स्थिर पडलेल्या फोनला हादरा जाणवला की तो ढोबळ ठिकाणासह सर्व्हरला कळवतो. एकाच भागातून असे पुष्कळ निरोप आले, तरच इशारा निघतो.

आता गणित. भूकंपाचे पहिले, सौम्य तरंग सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावतात आणि खरी पडझड करणारे दुसरे 3.5. म्हणजे धुंदलवाडीहून दुसरे तरंग वटारला यायला 21 सेकंद. ओळखण्यात 6 गेले असं धरलं तरी 15 उरतात. तेवढ्यात टेबलाखाली शिरता येतं.

पण धुंदलवाडीत? केंद्र 10 किलोमीटर खोल धरा, दुसरे तरंग 3 सेकंदांत पायाखाली. इशारा निघायच्या आत घर हललेलं असतं. शिवाय इशारे साधारण 4.5 आणि त्यावरच्या भूकंपांनाच, तर पालघरचे बहुतेक धक्के त्याहून लहान. ज्यांना रोजची भीती, त्यांनाच ही यंत्रणा सर्वांत कमी उपयोगी. तिथे भिंती मजबूत करणं हेच खरं इंजिनिअरिंग, असं माझं मत. मोठ्या भूकंपातही मॉडेल चुकतं: 6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कस्तानच्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपाला त्याने खूपच कमी आकडा दिला होता.

तरी चालू ठेवाच. सेटिंग्जमध्ये 'सुरक्षितता आणि आणीबाणी', मग 'भूकंपाचे इशारे'. लोकेशन आणि इंटरनेट सुरू हवं. जोरदार हादऱ्याचा इशारा फोन सायलेंट असला तरी वाजतो.