गाव नसलेला खेळ : महाराष्ट्राचे विस्मृत मुष्टियोद्धे

बारामतीहून काटेवाडी, सणसरमार्गे इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पिंपळी आणि तिच्या पंचक्रोशीतील गावांत मर्दानी खेळ म्हटला की आजही प्रथम कुस्तीच आठवते, आणि ती आठवण टिकवण्याची एक पक्की व्यवस्था ग्रामीण समाजाने पिढ्यानपिढ्या उभी केलेली आहे. ग्रामदैवताच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो, दुपारी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होतात, ऊन उतरू लागते तशा इनामाच्या रकमा चढत जातात आणि शेवटची निकाली कुस्ती लागेपर्यंत हलगी थांबत नाही. या सगळ्या वेळात निवेदक प्रत्येक मल्लाचे नाव, त्याचे गाव, त्याची तालीम आणि त्याच्या वस्तादाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारत असतो, शिवाय ओघात जुन्या मल्लांच्या गाजलेल्या लढतीही सांगून जातो. ही वरवर करमणूक वाटली तरी वस्तुतः ते मौखिक दप्तर आहे, आणि त्यामुळेच पन्नास वर्षांपूर्वी आखाडा सोडलेल्या पैलवानाचे नाव त्याच्या गावातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

मुष्टियुद्धाला, म्हणजे बॉक्सिंगला, महाराष्ट्रात असे गाव कधी मिळाले नाही. या राज्याने ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेले आणि अर्जुन पुरस्कार मिळवलेले मुष्टियोद्धे दिले, तरी त्यांची नावे सर्वसाधारण मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडलेली असतात. याचे खापर वाचकांच्या उदासीनतेवर फोडून मोकळे होता येत नाही, कारण हा खेळ महाराष्ट्रात ज्या संस्थांच्या आश्रयाने वाढला त्या संस्थांच्या रचनेतच विस्मृतीचे खरे कारण दडलेले आहे.

मुठींनी लढण्याची कला भारताला नवी नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविद्येचे सविस्तर वर्णन येते, आणि बडोदा व म्हैसूर या संस्थानांत ज्येष्ठीमल्ल समाजाचे मल्ल वज्रमुष्टी, म्हणजे बोटांवर शिंगाचे किंवा धातूचे टोकदार आयुध चढवून खेळायची लढत, राजाश्रयाखाली खेळत असत. तथापि आजच्या बॉक्सिंगचे मूळ या परंपरेत शोधणे म्हणजे ओढूनताणून नाते जोडणे होय. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, दोन फेऱ्यांमधील एका मिनिटाची विश्रांती आणि खाली पडलेल्या खेळाडूला उठण्यासाठी दहा अंक मोजण्याची पद्धत ही सर्व 1867 मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांची देणगी असून, ती इकडे आली ती ब्रिटिश पलटणींबरोबर. छावण्या, रेल्वेच्या वसाहती, मिशनरी शाळा आणि मुंबईतील व्यायामशाळा एवढाच तिचा प्रारंभीचा वावर होता. मुंबई इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना 1925 मध्ये स्थापन झाली, 1949 मध्ये अखिल भारतीय महासंघ अस्तित्वात आला आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1950 मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरली. म्हणजे देशातील संघटित मुष्टियुद्धाचा पाळणा महाराष्ट्रातच हलला. परंतु ही सारी हालचाल शहर आणि छावणी यांच्या हद्दीत राहिली, आणि यात्रेच्या फडापर्यंत ती पोहोचली नाही.

स्वातंत्र्यानंतर लष्कर हेच या खेळाचे मुख्य घर झाले. पलटणीतील नवशिक्या जवानांना रिंगणात उतरवून त्यांच्यातील जिगर पारखण्याची जुनी प्रथा पुढेही चालू राहिली, आणि त्यातून निवडलेले मुष्टियोद्धे कमांड, सेनादल आणि पुढे देशाच्या संघापर्यंत जात राहिले. पुणे जिल्ह्यात खडकीचे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र याच कारणाने मुष्टियोद्ध्यांसाठी ओळखले जाते, आणि 2001 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटनेही या खेळाला मानाचे स्थान दिले. शेतीवर भागत नाही म्हणून भरतीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मराठी मुलाला हातमोजे पहिल्यांदा मिळत ते बहुधा पलटणीतच. खुराक, प्रशिक्षक, सरावाची वेळ आणि बढतीची आशा एकाच ठिकाणी देणारी दुसरी संस्था ग्रामीण महाराष्ट्रात नव्हती, त्यामुळे लष्कराचे हे ऋण मान्य केल्यावाचून या विषयावर लिहिता येत नाही.

परंतु या आश्रयाची एक किंमत होती. राष्ट्रीय स्पर्धेत जवान उतरतो तो ‘सेनादल’ या संघातर्फे, स्वतःच्या राज्यातर्फे नव्हे. रेल्वेतील खेळाडू रेल्वेतर्फे उतरतो. साहजिकच सांगली, लातूर किंवा पुणे जिल्ह्यातील मुलाने सेनादलाकडून पदक जिंकले, तर ते सेनादलाच्या खाती जमा होते आणि महाराष्ट्राच्या पदकतालिकेत त्याचा मागमूस राहत नाही. जिल्ह्याचा क्रीडा इतिहास लिहिणारा माणूस जिल्हा आणि राज्य संघटनेच्या कागदांवर अवलंबून असतो, त्या कागदांत हे नाव नसते. पलटणीच्या दप्तरात ते असते, पण तेथे बाहेरच्या माणसाचा प्रवेश सुलभ नसतो. दोन दप्तरांच्या मधल्या जागेत मराठी मुष्टियोद्धा हरवला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे 1944 मध्ये जन्मलेले पेटकर सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या विभागात जवान होते आणि तेथेच मुष्टियोद्धा म्हणून घडले. 1964 मध्ये टोकियो येथे झालेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा मेळाव्यासाठी त्यांची निवड झाली होती. पुढच्याच वर्षीच्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, त्यांपैकी एक पाठीच्या कण्याजवळ कायमची राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. वयाच्या विशीत, नुकताच बहर येत असताना, त्यांचे मुष्टियुद्ध संपले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले, 1968 मध्ये तेल अवीव येथील पॅरालिंपिक स्पर्धेत टेबल टेनिस खेळले आणि 1972 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे 50 मीटर फ्रीस्टाइल जलतरणात 37.33 सेकंदांच्या विश्वविक्रमी वेळेसह त्यांनी सुवर्णपदक पटकावले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण होते.

एवढे होऊनही त्यांच्या वाट्याला दीर्घ उपेक्षा आली. पद्मश्री मिळाली ती 2018 मध्ये, त्यांच्या जीवनावरील ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला 2024 मध्ये, आणि जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार त्यांना 2025 च्या जानेवारीत, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर देण्यात आला. या उशिरा झालेल्या कौतुकातही एक गोष्ट निसटतेच. पेटकर आज ओळखले जातात ते जलतरणपटू म्हणून, आणि रिंगणातील त्यांची वर्षे जलतरणाच्या कथेची प्रस्तावना म्हणून सांगितली जातात. ते रणांगणावर जखमी झाले नसते आणि केवळ उत्तम मुष्टियोद्धे म्हणून निवृत्त झाले असते, तर त्यांच्यावर चित्रपट निघाला असता काय, या प्रश्नाचे उत्तर फारसे सुखावह नाही.

ज्यांच्या आयुष्यात अशी नाट्यमय कलाटणी आली नाही, त्यांची स्थिती सोल ऑलिंपिकच्या उदाहरणावरून लक्षात येते. 1988 च्या त्या स्पर्धेत भारताचे तीनच मुष्टियोद्धे उतरले आणि त्यांपैकी दोघे मराठी होते : फ्लायवेट, म्हणजे 51 किलोपर्यंतच्या गटात मनोज पिंगळे, आणि बँटमवेट, म्हणजे 54 किलोपर्यंतच्या गटात शाहूराज बिराजदार. ऑलिंपिकच्या एका भारतीय क्रीडापथकात दोन-तृतीयांश वाटा मराठी खेळाडूंचा असावा, ही घटना कोणत्याही खेळात दुर्मीळच म्हणावी लागेल, पण तिचा उल्लेख मराठी क्रीडालेखनात अभावानेच आढळतो. गंमत अशी की ‘बिराजदार’ हे आडनाव महाराष्ट्रात उच्चारले की जाणत्या माणसाला चटकन आठवतात ते पैलवान हरिश्चंद्र बिराजदार, ज्यांनी सत्तरच्या दशकात बेळगावच्या आखाड्यात मल्ल सतपाल याला अस्मान दाखवले. ती कुस्ती पाहिलेली माणसे आजही तिचे रसभरित वर्णन करतात आणि न पाहिलेलीही करतात. ऑलिंपिकपर्यंत गेलेल्या शाहूराज यांच्या लढतींचे असे वर्णन करणारा माणूस गावोगाव सोडाच, शहरातही भेटणे कठीण. पिंगळे यांना पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. गोपाळ देवांग आणि मुकुंद किल्लेकर हेदेखील त्या पुरस्काराचे मानकरी आहेत, तरी ही तिन्ही नावे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतील यादीबाहेर फारशी आली नाहीत.

या तफावतीला खेळाच्या स्वरूपातील भेदही कारणीभूत आहे. निकाली कुस्तीचा शेवट डोळ्यांना दिसतो. एकाची पाठ मातीला लागते आणि दहा हजार प्रेक्षकांना निकाल पंचाआधी कळतो. हौशी मुष्टियुद्धात समोरचा आडवा होऊन लढत संपणे हे तुलनेने कमी घडते, बहुतेक लढती गुणांवर सुटतात, आणि ते गुण रिंगणाभोवती बसलेले पंच देतात. सरळ हाताचा जॅब, बाजूने वळवून मारलेला हुक आणि खालून वर हनुवटीकडे येणारा अपरकट यांपैकी कोणता ठोसा खरोखर बसला आणि कोणता मोज्यावर अडला, हे दहाव्या रांगेतील प्रेक्षकाला कळतही नाही. सोलच्याच स्पर्धेत अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम लढतीत दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हून याच्यावर उघड वर्चस्व गाजवूनही पंचांनी 3-2 असा कौल यजमान खेळाडूच्या बाजूने दिला, तेव्हा जगभर गदारोळ झाला आणि पुढच्या ऑलिंपिकपासून गुण मोजण्यासाठी यंत्रे बसवावी लागली. जेथे निकालच वादाचा विषय ठरतो, तेथे हरलेल्याची कामगिरी लोकांच्या तोंडी राहणे दुरापास्त असते, मग तो 51 किलो वजनाचा मराठी जवान असला तर बोलायलाच नको.

विस्मृती हा केवळ महाराष्ट्राचा रोग नव्हे. पंजाबचे कौर सिंग यांनी 27 जानेवारी 1980 रोजी दिल्लीत साक्षात मुहम्मद अलीशी प्रदर्शनीय लढत खेळली आणि 1982 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, पण उतारवयात उपचारांसाठी त्यांना कर्ज काढावे लागल्याच्या बातम्या आल्या तेव्हा कुठे देशाला त्यांची आठवण झाली. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले. कौर सिंग यांच्याही आधी, 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला मुष्टियुद्धातील पहिले सुवर्ण मिळवून देणारे पदम बहादुर मल्ल यांचे नाव तर खेळाच्या अभ्यासकांपुरतेच उरले आहे. समृद्ध देशांतही वेगळे घडले नाही. कॅनडात जन्मलेला कृष्णवर्णीय सॅम लँगफर्ड हा त्याच्या काळातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांपैकी एक मानला जातो, परंतु वर्णभेदामुळे त्याला जागतिक हेवीवेट अजिंक्यपदाची संधी कधीच देण्यात आली नाही, आणि 1944 मध्ये एका पत्रकाराने त्याचा माग काढला तेव्हा तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात अंध आणि निष्कांचन अवस्थेत राहत होता. मात्र एक फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. लँगफर्ड दरिद्री झाला तरी त्याच्या शेकडो लढतींची तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी आणि निकाल यांसह नोंद वृत्तपत्रांतून शिल्लक राहिली, त्यामुळे पुढच्या पिढ्यांना त्याचे मोठेपण पुराव्यानिशी सिद्ध करता आले. मराठी मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत पुरावाच विखुरला गेला आहे.

कुस्तीगीरांनाही सरकारदरबारी न्याय मिळतोच असे नाही, हे खाशाबा जाधव यांच्या उदाहरणाने सिद्ध झालेले आहे; 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक जिंकणाऱ्या या मल्लाला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर तब्बल सोळा वर्षांनी. पण गोळेश्वर या त्यांच्या गावाने आणि कराड परिसराने त्यांना विसरण्यास नकार दिला, आणि त्या स्थानिक स्मृतीच्या बळावरच त्यांचे नाव पुन्हा देशापुढे आले. मुष्टियोद्ध्यांच्या मागे असा भूभाग उभा करायचा असेल, तर पलटणीच्या दप्तराची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून लष्करात गेलेल्या जवानांची संख्या मोठी आहे, आणि ज्यांनी पलटणीच्या रिंगणात हातमोजे चढवले असे निवृत्त जवान या गावांत निश्चित सापडतील. त्यांच्याकडील लोखंडी पेट्यांत स्पर्धेची प्रमाणपत्रे, संघाची कृष्णधवल छायाचित्रे आणि कधी लढतींची छापील पत्रिकाही पडून असते. ज्या वाचकांच्या घरी अशी सामग्री असेल त्यांनी ती रद्दीत जाण्याआधी बाहेर काढावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक छायाचित्रामागे चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : वर्ष, ठिकाण, वजनगट आणि प्रतिस्पर्ध्याचे नाव. त्याची एक प्रत गावच्या शाळेला किंवा ग्रंथालयाला द्यावी.