खर्ज वाजवणाऱ्याचे कान

मोठ्या आवाजाने कान दुखावलेला बेस गिटारवादक तपासणीला येतो, तेव्हा त्याचा ऑडिओग्राम त्यालाच कोड्यात टाकतो. आयुष्यभर त्याने जाड, खालचे, खर्जाचे स्वर वाजवलेले असतात. नुकसान झाले असेल तर ते खालच्या स्वरांचेच, अशी त्याची समजूत असते. पण आलेखाच्या डाव्या बाजूला, म्हणजे खर्जाच्या भागात, रेषा बरीचशी सरळ असते. ती खचते उजवीकडे, ४,००० हर्ट्झच्या आसपास. घरच्यांची तक्रारही तशीच असते: याला आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.

या कोड्याचे उत्तर कानाच्या रचनेत आहे. त्यावरचा उपाय मात्र बराचसा वाद्याची जोडणी, ॲम्प्लिफायरची जागा आणि ध्वनिमुद्रणाची पद्धत यांत आहे. बेसवादकाला स्वतःचे वाजवणे नीट ऐकू आले नाही, की तो दोन गोष्टी करतो. आवाज वाढवतो आणि तारा जोराने छेडतो. पहिलीची किंमत कान मोजतात, दुसरीची हात.

खर्ज किती खाली?

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार, ई, सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पुढच्या ए, डी आणि जी या तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ वेळा. पाच तारांच्या बेसमधली सर्वांत खालची तार तर ३१ कंपनांपर्यंत उतरते. निरोगी तरुण कानाची मर्यादा २० ते २०,००० हर्ट्झ मानली जाते. म्हणजे बेसवादक ऐकण्याच्या उंबरठ्यालगतच वावरत असतो.

पूर्वी हे काम डबल बेसकडे होते. माणसाहून उंच, उभे धरून वाजवायचे हे लाकडी वाद्य ड्रम आणि ट्रम्पेटच्या गजरात बुडून जाई. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याला पडदे होते, त्यामुळे स्वर अचूक लागे. नावही त्यावरूनच पडले. तो ॲम्प्लिफायरला जोडता येई, त्यामुळे खर्जाला हवा तेवढा मोठा आवाज मिळाला. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही हे वाद्य लवकरच रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस अनेकांनी नकळत ऐकलेला असतो. नकळत म्हणायचे कारण असे, की बेस वाजत असताना त्याकडे सहसा लक्ष जात नाही. तो थांबला की गाणे पोकळ वाटू लागते.

कानाचा पक्षपात

आपला कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. पुढे या मोजमापांत सुधारणा होत गेल्या. आजच्या प्रमाणित आलेखांनुसार १,००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी ४० हर्ट्झच्या स्वराला ८० डेसिबलहून अधिक पातळी लागते. डेसिबलची पट्टी साधी नाही. ४० डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिऊर्जेत दहा हजार पटींचा फरक.

मग मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर बेसची चाल ओळखू कशी येते? तो स्पीकर ४१ हर्ट्झचा स्वर जवळजवळ काढूच शकत नाही. पण कोणत्याही तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात. मेंदू त्या उपस्वरांवरून गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. बेसवादकासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. खर्ज ओळखण्याचे बरेचसे काम वरचे उपस्वरच करत असतात.

मार कुठे बसतो?

अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यातील सूक्ष्म केशपेशी ध्वनीचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशांत करतात. एका कानात अशा पेशी सुमारे पंधरा हजार असतात. नळीच्या तोंडाशी तीव्र म्हणजे उंच स्वर आणि आतल्या टोकाशी खर्जाचे स्वर ओळखले जातात. मध्यकर्णातला एक चिमुकला स्नायू मोठा आवाज आला की आवळतो आणि ध्वनी थोडा अडवतो. पण तो मुख्यतः खालचे स्वर अडवतो. उलट, कानाच्या बाहेरच्या नळीची घडण अशी असते, की ३,००० हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी तिच्यात आपोआप वाढतात. त्यामुळे मोठ्या आवाजाचा पहिला मार ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यातील पेशींवर बसतो. माणसात या पेशी मेल्यावर पुन्हा उगवत नाहीत.

बेसवादक मंचावर बहुधा ड्रमच्या शेजारी उभा असतो. ताल आणि खर्ज यांना एकमेकांचे ऐकावे लागते. म्हणजे ड्रमच्या सिंबल्सचा, झांजेसारखा तीक्ष्ण आवाज त्याच्या एका कानाजवळ तासन् तास आदळतो. त्यावर मात करायला तो स्वतःचा आवाज वाढवतो, मग गिटारवादक आपला वाढवतो आणि चढाओढ सुरू होते. बंद खोलीत ड्रमसह चाललेली तालीम १०० डेसिबलला सहज पोहोचते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. हा हिशेब १०० डेसिबलला अवघ्या १५ मिनिटांवर येतो.

उंच स्वरांचा पट्टा गेला की आधी ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ अशी व्यंजने निसटतात. समोरचा ‘साठ’ म्हणतो, याला ‘आठ’ ऐकू येते.

आवाज न वाढवता ऐकू येण्यासाठी

बेस ऐकू येत नाही म्हणून बेसचेच बटण फिरवणे ही सर्वांत सामान्य चूक. त्याने खोली घुमते, स्वर मात्र स्पष्ट होत नाही. ५०० ते १,००० हर्ट्झचा मधला पट्टा, म्हणजे ॲम्प्लिफायरवरचा ‘मिड’, थोडा वाढवला की बोटांचा आघात आणि उपस्वर वर येतात आणि एकूण आवाज कमी ठेवूनही चाल कळते. एकट्याने वाजवताना हा नाद थोडा नाकातला वाटतो. बँडमध्ये तोच नेमका बसतो.

ॲम्प्लिफायर जमिनीवर ठेवला तर उपस्वर पोटऱ्यांवर आदळतात, कानापर्यंत येत नाहीत. तो खुर्चीवर किंवा स्टँडवर चढवावा किंवा मागे कलता ठेवावा. कोपऱ्यातून पुढे ओढावा, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात. वादकाने सिंबल्सपासून दोन पावले दूर उभे राहावे. या उपायांना काहीच खर्च नाही.

घरातले ध्वनिमुद्रण

बेस ध्वनिमुद्रित करण्यासाठी मोठ्या आवाजाची गरज नसते. १९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी वाजवणारे जेम्स जेमरसन हे मुळात डबल बेसवादक. त्यांचा फेंडर प्रिसिजन थेट मिक्सरला जोडून मुद्रित केला जाई. त्यावर सपाट वेढ्याच्या, जुन्या झालेल्या तारा असत आणि ते उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने छेडत. तो गोल, उबदार नाद आजही आदर्श मानला जातो. आज हेच काम डीआय बॉक्स किंवा घरगुती ऑडिओ इंटरफेस करतो. शेजाऱ्यांची झोप मोडत नाही आणि स्वतःचे कानही वाचतात.

मात्र लहान खोली फसवते. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचे अंतर असेल, तर सुमारे ५६ हर्ट्झच्या ध्वनीची अर्धी लहर त्यांच्यात नेमकी मावते. बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची. म्हणजे हा स्वर भिंतीलगत बसल्यास घुमतो आणि खोलीच्या मधोमध बसल्यास विरून जातो. मधे बसलेला माणूस तो ‘कमी पडतोय’ म्हणून वाढवतो आणि मुद्रण बिघडते. अशा वेळी खुर्ची दोन-तीन फूट सरकवून पाहावी, स्पीकरचा आवाज वाढवू नये. हेडफोन वापरायचे तर ते कानाला नीट बसणारे हवेत. चष्म्याच्या दांडीमुळे फट राहिली तरी खर्ज गळतो आणि हात पुन्हा आवाजाच्या बटणाकडे जातो.

डबल बेससाठी मात्र मायक्रोफोन लागतो, कारण त्याचा नाद लाकडी पोटातून येतो. घोडीसमोर थोड्या अंतरावर मायक्रोफोन, सोबत घोडीला चिकटवलेला पिकअप आणि ड्रमपासून वेगळी खोली किंवा आडपडदा, अशी रचना नाद आणि कान या दोघांच्याही सोयीची असते.

कान झाकावे कसे?

जॅझमधील थोर डबल बेसवादक चार्ली हेडन यांना किशोरवयात झालेल्या पोलिओने त्यांच्या घशावर परिणाम केला आणि गाणे सुटले. मग ते बेसकडे वळले. पुढे त्यांना कानात सतत आवाज येण्याचा, म्हणजे टिनिटसचा, आणि साधा आवाजही असह्य होण्याचा त्रास जडला. सहवादकांपासून पारदर्शक पडद्याने आडोसा करून ते वाजवत राहिले. ते २०१४ मध्ये गेले.

फोमचे साधे बोळे काहीच न घालण्यापेक्षा नक्कीच बरे, पण ते उंच स्वर जास्त अडवतात आणि सगळे संगीत गोधडीखालून आल्यासारखे वाटते. संगीतकारांसाठीचे विशेष प्लग सर्व स्वर जवळपास सारख्याच प्रमाणात कमी करतात. त्यांत ९, १५ आणि २५ डेसिबलचे फिल्टर मिळतात. कानातले मॉनिटर वापरणाऱ्यांनी एक कान उघडा ठेवू नये. एकाच कानाने ऐकताना आवाज कमी भासतो, म्हणून तो वाढवला जातो. आणि उघड्या कानावर ड्रमचा मारा चालूच राहतो.

‘मॉनिटरमध्ये बेस अंगाला जाणवत नाही’ ही तक्रार खरी आहे. खर्ज आपण त्वचेतील आणि खोल ऊतींतील कंपनग्राही टोकांनीही अनुभवतो. पायाखालच्या फळीला किंवा बैठकीला थरथर देणारे ट्रान्सड्युसर त्यासाठीच असतात. खर्ज शरीराला मिळतो, कानाला जादा आवाज सोसावा लागत नाही.

दुसरी किंमत: हात

बेस गिटारच्या पहिल्या पडद्याची रुंदी सुमारे ४.८ सेंटिमीटर, साध्या विद्युत गिटारची ३.६. डबल बेसवर तेवढाच अर्धस्वर जवळपास ६ सेंटिमीटरचा होतो. त्यामुळे डबल बेसच्या परंपरेत खालच्या जागी अनामिका आणि करंगळी जोडीने तार दाबतात. बेस गिटारवरही हीच पद्धत नवशिक्याचा हात वाचवते. पट्टा सैल सोडून वाद्य गुडघ्यापर्यंत लोंबवले की डावे मनगट दुमडते आणि त्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूशाखेवर दाब येतो. चार-पाच किलोच्या वाद्याला रुंद पट्टा हवा. ऐकू येत नाही म्हणून जोराने छेडणाऱ्याचा कोपरापुढचा स्नायू रोज थोडा थोडा दुखावतो. आवाजाची जोडणी सुधारली की ही पकड पुष्कळदा आपोआप सैल होते.

डॉक्टरांकडे केव्हा?

कार्यक्रमानंतर कान बधिर वाटणे किंवा शिट्टी वाजणे हा इशारा आहे. दुसऱ्या दिवशीही ते राहिले तर तपासणी करावी. एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. अशा वेळी उपचाराला दिवसांचा उशीरही महागात पडतो. बोटांत रात्री मुंग्या येणे किंवा वाजवतानाच एखादे बोट मनाविरुद्ध आत वळणे, हेही लपवून वाजवत राहण्याजोगे नाही. आणि नियमित वाजवणाऱ्याने पहिला ऑडिओग्राम तक्रार सुरू होण्याआधीच काढून ठेवावा. पुढे तुलना करायला तोच लागतो.